काचेतले सहा तलाव

मासे खाण्याचा मला साठ वर्षांचा अनुभव आहे. मासे पाळण्याचा नव्हता. मालवणकडचा माणूस माशाकडे पाहतो ते तो ताजा आहे की नाही एवढे कळण्यापुरते. कल्ला उचलून लाली बघावी, बोटाने दाबून पाहावे आणि भाव करावा, इतकाच आमचा त्या जातीशी परिचय. लहानपणी वडिलांनी मला मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय म्हणजे त्या काळी मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्यांचे पहिले देवस्थान. तिथेही वडील काचेसमोर उभे राहून हळूच म्हणत होते, “हा तळून बरा लागतो. ह्याची आमटीच करावी.” तेव्हा माशाला नाव ठेवावे, त्याची शेपूट कालच्यापेक्षा आज मिटलेली दिसते म्हणून आपल्याला जेवण गोड लागू नये, असा प्रकार आमच्या घराण्यात कोणी केलेला नाही. तो मी सत्तराव्या वर्षी केला.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमचा नातू आमच्याकडे राहायला आला. मुलगी पुण्याला असते. तिच्या घरी बोलणी चालू होती. बोलणी हा शब्द आपल्याकडे लग्न जुळवताना वापरतात. इथे ती उलट दिशेने चालली होती. आठ वर्षांच्या मुलाने ती ऐकू नयेत म्हणून त्याला आमच्या दादरच्या घरी आणले आणि गल्लीतल्याच शाळेत तिसरीत घातले. “बाबांची बदली झालीय, नवं घर लागेपर्यंत तू आजोबांकडे राहा,” असे त्याला सांगण्यात आले. ही थाप मुळात कोणी मारली ते आता आठवत नाही. सर्वांनी मिळून मारली असावी. मी तिच्यात होतो, एवढे नक्की.

पोर गुणी. वेळेवर जेवी, वेळेवर झोपे, अभ्यास सांगावा लागत नसे. फक्त बोलत नसे. सकाळी मी वर्तमानपत्र उघडले की तो शेजारी येऊन बसे आणि एकच चौकट वाची. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांत किती साठा आहे, ती चौकट. जूनमध्ये ते आकडे रोज उतरत असतात आणि सगळे शहर आभाळाकडे बघत असते. “भातसा उतरला,” एवढे एक वाक्य तो दिवसाकाठी बोले. एके दिवशी ह्या वाक्याला जोडून मी विचारले, “आपण घरात एक तळं करू या का?” त्याने मान वर केली. झाले. त्याच संध्याकाळी आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी, तळाला घालायचे रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पंप, स्पंजचा फिल्टर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा गोल्डफिश असा सरंजाम घेऊन टॅक्सीने घरी आलो. पन्नासेक लिटर पाणी आणि त्यात सहा जीव. हे फार झाले, असे दुकानदाराने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

नावे नातवाने ठेवली: भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी आणि मोडकसागर. सर्वांत मोठा तो भातसा आणि सर्वांत लहान ती तुळशी, कारण तलावांचेही तसेच आहे. मोडकसागर पोटाने सुटलेला होता. “मोडक म्हणजे इंजिनिअर होते. त्यांच्यावरून नाव पडलं,” असे मी सांगितले, तेव्हा नातू त्या माशाकडे बघून प्रथमच हसला. आमच्या सौभाग्यवतींना मात्र वैतरणा हे नाव पसंत नव्हते. “नदी आहे ना नरकाच्या वाटेवरची? जिवंत माशाला काय ते नाव!” पण महापालिका जिचे पाणी चाळीस लाख नळांतून सोडते तिला— नको, नळ किती ते मी मोजलेले नाहीत. रोज जिचे पाणी आपण पितो तिला अशुभ कसे म्हणावे, असा माझा मुद्दा होता.

तिसऱ्या दिवशी पेटीतले पाणी गढूळ झाले. मातीने होते तसे नव्हे. भांड्यात थोडे दूध राहून गेले असता त्यात पाणी घालावे तसे पांढुरके. पेटीच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर लटकत होते, ते दिसेनासे झाले.

मी छत्तीस वर्षे रेल्वेच्या हिशेब खात्यात काढली. आमच्या वेळचा रिवाज असा की ताळेबंदात खाडाखोड दिसली की कागद फाडावा आणि नवा घ्यावा. तेच मी इथे केले. मासे बादलीत काढले, पाणी सगळे ओतून दिले, खडे उकळत्या पाण्याने धुतले, स्पंज नळाखाली धरून पिळपिळ पिळला, काच लिंबाने पुसली आणि नवे पाणी भरले. दोन दिवसांत पुन्हा दूध. पुन्हा सगळे धुतले. पुन्हा दूध. मासे बिचारे बादलीतून पेटीत आणि पेटीतून बादलीत, पगाराच्या दिवसांत कारकून खिडक्या बदलतो तसे फिरत होते. त्यातच, “अशक्त दिसतायत हो,” म्हणून आजी पोळीचा चुरा टाकत होती.

तेव्हा मला आईची तुरटी आठवली. आमच्या गावी पावसाळ्यात विहिरीचे पाणी तांबडे होई, तेव्हा आई कळशीत तुरटीचा खडा तीन वेळा फिरवी आणि म्हणे, “आता निवळेल.” सकाळी कळशीच्या बुडाशी गाळ आणि वर काच. मी तुरटीचा चांगला लिंबाएवढा खडा घेतला आणि रात्री, सगळे निजल्यावर, पेटीत बराच वेळ फिरवला.

पाणी निवळले. इतके स्वच्छ पाणी मी त्या पेटीत नंतर कधीच पाहिले नाही. मागच्या कॅलेंडरावरची तिथीची बारीक अक्षरेसुद्धा वाचता येत होती. बाकीचे पाच मासे पाण्याच्या वर तोंडे काढून हवा गिळत होते आणि वैतरणा उलटी तरंगत होती.

मुंबईचे पाणी मवाळ. तुरटी पाण्यात आंबटपणा आणते, तो जिरवण्याइतका क्षार त्या पाण्यात नसतो आणि तुरटीतले ॲल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांना झोंबते, हे सर्व मी पुढे वाचले. त्या सकाळी एवढेच कळले की नातू माझ्याआधी उठला आहे आणि पेटीसमोर बसला आहे. तो रडला नाही. त्या दिवशी त्याने तलावांची चौकट वाचली नाही.

म्हणून चार दिवसांनी, तो शाळेत असताना तुळशी मेली, तेव्हा मी जे केले ते मला त्या घटकेला प्रेमाचेच वाटले. तिला मी कागदात गुंडाळून कुंडीत पुरले, टॅक्सी करून त्याच दुकानात गेलो, तसाच नारिंगी, तेवढाच लहान मासा शोधला आणि शाळा सुटायच्या आत पेटीत सोडला. बायको दारातून पाहत होती. म्हणाली, “ओळखायचा नाही?”

“सहा माशांत काय ओळखतोय!”

“पाच,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने ओळखले असे काही दाखवले नाही. आला, पेटीसमोर बसला, जेवला. मी सुटकेचा श्वास टाकला. हिशेब जुळला होता.

आठवड्याने ह्या नव्या तुळशीच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. दोन दिवसांत ते तानसावर आले, मग मोडकसागरवर. मासे अंग खड्यांवर घासू लागले. ह्या रोगाचा जंतू अंगात मुरून येतो, आणि नव्या माशाला काही दिवस वेगळे न ठेवता पेटीत सोडणे म्हणजे त्याला घरच्या दाराने आत घेणे होय. ती दुकानदाराची तुळशी रोग घेऊन आली होती. मी घेऊन आलो होतो, असे म्हणणे अधिक बरोबर.

औषधाच्या दुकानातून मी मेथिलिन ब्लू आणले. हा निळा रंग १८७६ सालापासून माणसाला ठाऊक आहे आणि १८९१ साली जर्मनीत पॉल एर्लिखने तो हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला होता. तेव्हा औषध खानदानी. मी मापाकडे फारसे न बघता पेटी शाईच्या दौतीसारखी निळी करून टाकली. माझी बोटे आठ दिवस निळी होती. त्या निळ्या पाण्यात मासे केवळ सावल्यांसारखे दिसत. नातू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“आजोबा, ती तुळशी नाहीये.”

मी काही बोललो नाही.

“तुळशीच्या पोटाखाली पांढरा पट्टा होता. हिला नाही. मला त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“वाटलं, तुम्ही सांगाल.” आणि थोडा वेळ थांबून, पेटीतून नजर न काढता, “बाबांची बदली कुठे झालीय?”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर पुष्कळ अवघड प्रश्न आले. त्यांतल्या एकाहीपुढे मी असा उघडा पडलो नव्हतो. “आईला विचारू या,” एवढेच मी म्हणालो. रात्री मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, आत्ता नको. त्याला काय कळणार?” मी तिला तुळशीची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाली, “रविवारी येते.”

दुसऱ्या दिवशी मी पेटीतले पाणी एका बाटलीत भरून घेतले आणि कुर्ल्याला गेलो. तिथे माशांचा मोठा बाजार आहे. नुसत्या पिशव्यांतून लोंबकळणारे मासे बघायलाही जावे असा. एका बोळकांडीत पंचविशीतला पोरगा टाक्यांच्या मध्ये बसला होता. त्याने मासे किती, पेटी केवढी हे नंतर विचारले; पहिला प्रश्न, “काका, टंकी किती दिवसांची?”

“महिन्याची.”

“आणि धुतली किती वेळा?”

मी सांगितले. त्याने माझ्याकडे, एखादा वैद्य रोग्याच्या नातेवाइकाकडे पाहतो तसे पाहिले. बाटलीतले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकले. “पिवळं राहिलं पाहिजे,” म्हणाला. पाणी हिरवे झाले. तो अमोनिया होता. मासा कल्ल्यांतून तो सतत बाहेर टाकतो, आणि त्याला रंग नसतो. पाणी काचेसारखे असूनही विषारी असू शकते. हा अमोनिया खाणारे सूक्ष्म जंतू असतात, ते त्याचे नायट्राइट करतात. ते नायट्राइटही विषच, मग ते खाणारे दुसरे जंतू येतात आणि त्यातून नायट्रेट उरते, जे माशाला थोडेफार सोसते. ही मंडळी काचेवर, खड्यांवर, मुख्यतः स्पंजच्या भोकांत वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते, उकळते पाणी मारते आणि निळे औषधही मारते. आणि ते दुधासारखे गढूळ दिसते ते तरी काय? तेही जंतूच, उरलेल्या अन्नावर, पोळीच्या चुऱ्यावर एकाएकी माजलेले. अन्न कमी झाले की आपोआप बसतात. मी दर दोन दिवसांनी स्वच्छतेच्या नावाखाली वस्ती उठवत होतो आणि पुन्हा रान मोकळे करून देत होतो.

त्या पोराने आपल्या एका जुन्या टाकीतला स्पंज काढला. तपकिरी, बुळबुळीत, बघवेना असा. त्या टाकीत दोन महिन्यांत नवा मासा आलेला नाही, हे त्याने आवर्जून सांगितले. एका थापेत मी किती शिकलो होतो ते त्याला ठाऊक नसले तरी. “हा तुमच्या फिल्टरच्या बाजूला ठेवा. नळाखाली धरू नका, देवाशपथ. पाणी चौथा हिस्सा बदला, तेही एक दिवस उघडं ठेवलेलं, क्लोरीन मारायचे थेंब घालून. चारा दोन चिमटी, पोळी बंद. ठिपक्यांना जाडं मीठ, लिटरला दोन ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत विरघळवून. आणि बुडबुडे वाढवा.” पैसे घेतले ते थेंबांचे आणि तपासणीच्या पेटीचे. स्पंजाचे घेतले नाहीत.

घरी बायकोने पुडके उघडले. “घाण विकत आणलीत?”

“फुकट दिली.” आणि मी सर्व सांगितले. जंतू, वस्ती, नायट्राइट. ती ऐकत होती, मग मध्येच म्हणाली, “म्हणजे विरजण.” मी दोन तास जे समजून घेत होतो ते तिने एका शब्दात संपवले, आणि विरजणाचे भांडे हलवायचे नसते हेही तिला सांगावे लागले नाही. पोळीचा चुरा त्या दिवसापासून कावळ्यांना जाऊ लागला.

मिठाचा उपाय दोन आठवडे करावा लागतो, कारण ठिपक्यातला जंतू माशाच्या कातडीखाली असेतोवर त्याला काही लागत नाही. तो गळून खाली पडतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते पोहत नवा मासा शोधायला निघतात तेव्हाच काय ते सापडतात. आज ठिपके गेले म्हणून उद्या मीठ काढू नये. ह्या दोन आठवड्यांत हातांना काम नसे. मी वाचू लागलो. १८४९-५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या एका रसायनज्ञाने बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळा आला. त्याने पाणी फेकले नाही. तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेले खाल्ले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. मला त्या गृहस्थाचा हेवा वाटला. तो हिशेब खात्यात नव्हता. अमोनियावर जगणारे जंतू तर त्याच्याही ध्यानी नव्हते. विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने ते १८९० च्या सुमारास वेगळे काढले. आणि माशांच्या पेटीत नायट्राइट खाणारे म्हणून ज्या जातीचे नाव सगळे घेत होते ती जात तिथे नव्हतीच, काम दुसरीच करत होती, हे १९९८ साली उघडकीस आले. शंभर वर्षे काम एकाने केले आणि नाव दुसऱ्याचे झाले. रेल्वेत असे मी पाहिले आहे.

रविवारी मुलगी आली. आम्ही दोघे मुद्दाम भाजीला निघालो. पण जिन्यात पोचल्यावर पिशवी विसरल्याचे ध्यानात आले आणि मी परत गेलो. दोघे पेटीसमोर जमिनीवर बसली होती. ती सांगत होती. काय सांगत होती ते मी ऐकले नाही, नातू मध्येच, “म्हणजे बाबा पुण्यातच आहेत?” एवढे म्हणाला, ते ऐकू आले. मी पिशवी न घेताच खाली आलो. त्या दिवशी बायकोने अळू पदरात बांधून आणले.

संध्याकाळी तो फार रडला. आल्यापासून प्रथमच. त्याची आई त्याला घेऊन गॅलरीत बसली होती. रात्री बापाचा फोन आला. मुलीने तो मुलाकडे दिला आणि आत निघून गेली.

त्या आठवड्यात त्याने एक वही केली. एका पानावर तलाव, दुसऱ्यावर पेटी. पाणी किती निवळले हे मोजायची युक्ती त्याचीच. पेटीच्या पुढे बसून मागचे कॅलेंडर वाचायचे. “आज काहीच दिसत नाही.” “आज रविवारचे लाल आकडे दिसतात, काळे नाहीत.” “काळे दिसतात. अमोनिया हिरवा.” मध्ये एक दिवस मोडकसागर मेला. तो नातवालाच सकाळी दिसला. त्याने मला उठवले, आम्ही दोघांनी त्याला कुंडीत पुरले, आणि तुळशी नेमकी कुठे पुरली होती तेही मी त्याला दाखवले. त्याने वहीत दोन्ही नावांपुढे तारखा घातल्या. त्या खोट्या तुळशीला त्याने वेगळे नाव दिले, मध्य वैतरणा. तो सातवा तलाव आधीच्या यादीत राहून गेला होता.

पुढे नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग चढला, दहा-बारा दिवस टिकला, आणि उतरला. ऑगस्टमध्ये एका सकाळी अमोनियाची नळी पिवळी राहिली. पेटीतले पाणी तुरटीच्या पाण्याइतके लखलखीत नव्हते. किंचित चहाची झाक होती. पण मासे तळाशी निवांत खडे चिवडत होते. बाहेर तानसा भरून वाहू लागला होता.

दिवाळीनंतर नातू पुण्याला आईकडे गेला. बाप त्याला शनिवारी नेतो. पेटी आमच्याकडेच राहिली, कारण पाणी हलवले तर वस्ती मोडेल असे त्याचेच मत पडले. दर रविवारी त्याचा फोन येतो. माझी प्रकृती, आजीचे गुडघे ह्यांची चौकशी तो आईने शिकवल्याप्रमाणे आधी करतो, मग मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात विहार गेला. त्यालाच मी सर्वांत धट्टाकट्टा समजत होतो. इंग्लंडात एक गोल्डफिश त्रेचाळीस वर्षे जगून १९९९ साली मेला, तेव्हा दीड वर्ष म्हणजे काहीच नव्हे. रविवारची वाट न पाहता मी त्याच दुपारी पुण्याला फोन लावला आणि सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“बाकीचे?”

“भातसा, तानसा, मध्य वैतरणा. चारा खातायत.”

“तुम्ही सगळं पाणी नाही ना बदललंत?”

“चौथा हिस्सा,” मी म्हणालो.

“स्पंज?”

“हात लावला नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “कॅलेंडर दिसतंय?”

मी फोन घेऊन पेटीसमोर गेलो, खाली बसलो, चष्मा लावला आणि त्याला तारीख वाचून दाखवली.